अग्नी आहे, धूर नाही

खंडनाला हात घालण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पुरस्कर्त्यांपेक्षाही चांगला मांडावा, असा आपल्या शास्त्रार्थाचा जुना शिरस्ता आहे. तो पाळायचा, तर 'नीट'चा निकाल लागल्यावर लातूर-नांदेडपासून पुण्या-नागपूरपर्यंत घरोघर जे मत ठामपणे सांगितलं जातं ते आधी पुरतं ऐकून घेतलं पाहिजे. मत असं : एमबीबीएसला नंबर लागला नाही तर एक वर्ष रिपीट करावं. मन लावून केलं की दुसऱ्या खेपेला होतंच. जो करत नाही त्याला डॉक्टर व्हायचंच नव्हतं, किंवा मग त्याने कच खाल्ली.

या मताला चार आधार दिले जातात. पहिला आकड्यांचा. 'नीट'चे परिणाम तपासण्यासाठी तमिळनाडू सरकारने २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. तिच्या अहवालानुसार २०१६-१७ मध्ये त्या राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत रिपीटर होते १२.४७ टक्के, 'नीट' लागू झाल्यानंतर, २०२०-२१ मध्ये, हा वाटा ७१.४२ टक्क्यांवर गेला. समितीने हे तक्रार म्हणून नोंदवलं. क्लासवाल्यांच्या तोंडी मात्र अशाच आकड्यांची जाहिरात होते : दहातले सात जण रिपीट करूनच लागतात, मग तुमचा मुलगा का नाही लागणार? दुसरा आधार अनुभवाचा. तोच अभ्यासक्रम पुन्हा केला की गुण वाढतात. तिसरा आयुष्याच्या हिशेबाचा. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्राचं एक, पुढे एमडी-एमएसची तीन; एवढ्या लांबच्या वाटेवर सुरुवातीला एक वर्ष जास्त गेलं तर कुणाच्या लक्षात राहणार आहे? आणि चौथा आधार नियमांचा. 'नीट' कितीही वेळा देता येते, वयाची वरची अटही २०२२ पासून उरलेली नाही. सरकारनेच दार उघडं ठेवलंय, तर आपण माघारी का फिरायचं?

याच्या उलट टोकाचंही एक मत आहे : 'वर्ष वाया जातं, मिळेल ते घ्या आणि पुढे चला.' आजोबांच्या पिढीत ते फार जोरात होतं. आता त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याचं खंडन करण्यात पुरुषार्थ नाही. त्यातला खरा अंश पुढे ओघात येईलच.

तर आधी पहिला आधार, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. संस्कृत घेऊन शिकलेल्यांना अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवत असेल. आठल्ये आणि बोडस या आपल्याच दोन पंडितांनी त्याची जी आवृत्ती काढली ती आजही अभ्यासक हाताशी ठेवतात. त्यात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे डोंगरावरच्या धुराचं. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. पण तीच उलटी फिरवून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं, तर ती टिकत नाही. प्रतिवादी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतो. त्यात अग्नी आहे, हात लावून पाहावा; धुराचा मात्र पत्ता नाही. मग नैयायिक विचारतो की अग्नीतून धूर निघतो तो कधी? ओल्या सरपणाशी संयोग झाला तर. या ओल्या सरपणाला त्यांनी नाव दिलं उपाधी. अनुमान करणाऱ्याने जी अट न सांगता गृहीत धरलेली असते ती म्हणजे उपाधी, आणि ती उघडी पाडली की अनुमान कोसळतं.

रिपीटचं अनुमान नेमकं असंच उलटं फिरवलेलं आहे. 'ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यापैकी बहुतेकांनी दुसरा प्रयत्न केलेला होता' हे झालं धुराकडून अग्नीकडे जाणं. ते बहुतांशी खरं आहे. 'जे दुसरा प्रयत्न करतील त्यांच्यापैकी बहुतेकांना प्रवेश मिळेल' हे अग्नीकडून धुराकडे जाणं, आणि त्याला राजन समितीचा आकडा काडीचाही पुरावा देत नाही. हे सोप्या हिशेबाने पाहता येतं. समजा, वीस लाख मुलं परीक्षेला बसली आणि त्यातली निम्मी, म्हणजे दहा लाख, रिपीटर आहेत. जागा एक लाख. त्यातल्या सत्तर टक्के रिपीटरांनी घेतल्या असं धरू. म्हणजे दहा लाख रिपीटरांतून सत्तर हजार लागले : शंभरात सात. पहिल्यांदा बसलेल्या दहा लाखांतून तीस हजार लागले : शंभरात तीन. म्हणजे रिपीटर नव्या मुलांपेक्षा दुपटीहून सरस ठरले, हे खरं. प्रवेश घेतलेल्यांत ते बहुसंख्य आहेत, हेही खरं. आणि शंभर रिपीटरांतले त्र्याण्णव पुन्हा बाहेरच राहिले, हेही तितकंच खरं. तिन्ही विधानं एकाच आकडेमोडीतून निघतात. यातली पहिली दोन मोठ्याने बोलली जातात.

माझे आकडे कल्पित आहेत, पण खऱ्या आकड्यांपासून फार दूर नाहीत. २०१३ साली 'नीट' पहिल्यांदा झाली तेव्हा नोंदणी सात लाखांच्या आसपास होती आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण एक्कावन्न हजार. २०२५ साली प्रत्यक्ष परीक्षा दिली २२ लाखांवर मुलांनी, आणि जागा एक लाख अठरा हजारांच्या घरात. जागा दुपटीहून वाढल्या, मुलं तिप्पट झाली. शिवाय त्या जागांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी आहेत; बाकीच्यांची फी पाहिली की मध्यमवर्गीय बाप यादीवरून नजर फिरवून कागद खाली ठेवतो. रिपीट करणाऱ्याच्या मनात असते ती 'गव्हर्नमेंट सीट', आणि खरी चुरस त्या निम्म्यासाठी आहे.

'होतंच' या शब्दातला 'च' एवढ्यानेच गळून पडतो. पण कुणी म्हणेल की शंभरात सात हे सरासरीचं झालं. कटऑफला दहा गुण कमी पडलेला मुलगा आणि तीनशे गुण कमी पडलेला मुलगा एकाच शंभरात कसे मोजता? अगदी बरोबर. सरासरी कुणाच्याही घरी जेवायला येत नाही. म्हणूनच या शंभरांतल्या सातांना जोडणारं ओलं सरपण कोणतं, हा खरा प्रश्न आहे. त्याआधी गुणांचं प्रकरण निकालात काढू.

'गेल्या वर्षी ४८० होते, सहाशेला पोचायचंय', असं रिपीटर म्हणतो. हे वाक्यच निरर्थक आहे, कारण दोन वर्षांचे गुण एका मापाने मोजले जात नाहीत. २०२४ साली ६५० गुणांना देशात तीस हजारांच्या घरातला क्रमांक मिळाला होता. २०२५ साली पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच ६८६ गुण होते, आणि ६५० च्या वर देशभरात शंभरही मुलं नव्हती. ज्याने २०२४ मध्ये ६०० मिळवून रिपीट केलं आणि २०२५ मध्ये ५६० मिळवले, त्याचे गुण घसरले आणि क्रमांक कुठल्या कुठे वर गेला. प्रवेश क्रमांकावर मिळतो. गुण ही त्या दिवसाच्या पेपरची गोष्ट आहे. याच कारणाने 'पेपर अवघड होता, म्हणून राहिलं' हेही कारण टिकत नाही. पेपर सगळ्यांनाच अवघड होता, आणि क्रमांकाने ते आधीच हिशेबात धरलेलं आहे. तुम्हा एकट्यालाच तो अवघड गेला असेल तर दोष पेपराकडे जात नाही.

दुसऱ्यांदा अभ्यास केल्याने शिकणं वाढतं का, यावर मात्र चांगलं संशोधन झालंय, आणि ते पूर्वपक्षाच्या बाजूचं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेत जोशुआ गुडमन, ओडेड गुरांट्झ आणि जोनाथन स्मिथ यांनी 'सॅट' पुन्हा देणाऱ्यांचा अभ्यास करून २०२० साली दाखवलं की पुन्हा दिल्याने गुण वाढतात, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचं चार वर्षांच्या कॉलेजांत जाण्याचं प्रमाणही वाढतं. आपल्याकडे हा दाखला परदेशी वजन म्हणून वापरला जातो. पण 'सॅट' वर्षातून अनेकदा होते. अमेरिकन मुलगा बारावीत बसूनच ती दोनदा-तीनदा देतो, आणि पुष्कळ कॉलेजं त्याचे सर्वांत चांगले गुण धरतात. त्याला पुनःप्रयत्नासाठी एखादा शनिवार लागतो. आपल्या मुलाला त्यासाठी एक वर्ष मोडावं लागतं. आपल्याकडेही 'जेईई मेन' २०१९ पासून वर्षात दोनदा होते आणि दोन्हींतले चांगले गुण धरले जातात. तिथे दुसऱ्यांदा बसायला कुणी सल्ला विचारत नाही. 'नीट'ला ती सोय नाही, म्हणून हा निबंध लिहावा लागतोय.

आपल्या परिस्थितीला जवळचा दाखला तुर्कस्तानचा आहे. तिथेही विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा वर्षातून एकदा, आणि पुन्हापुन्हा बसणाऱ्यांची रांग मोठी. वेरोनिका फ्रिसांचो, कला कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांची माहिती तपासून २०१६ साली निष्कर्ष काढला की पुन्हा बसणाऱ्यांचं शिकणं खरोखर वाढतं, आणि ही वाढ मागास परिस्थितीतून आलेल्या मुलांत अधिक दिसते. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण ओल्या सरपणाचा माग इथेच लागतो.

महाराष्ट्र बोर्डाच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारी, तालुक्याच्या गावची मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिची अकरावी-बारावी बालभारतीच्या पुस्तकांवर झाली. प्रॅक्टिकल, जर्नल, बोर्डाची परीक्षा, असं करत मार्च उजाडला. 'नीट'चा पेपर ज्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेला असतो, जीवशास्त्राचे प्रश्न तर ओळीच्या ओळी उचलून आलेले असतात, ती पुस्तकं तिने पूर्ण वाचायला घेतली ती बोर्डाचा शेवटचा पेपर संपल्यावर. मेच्या पहिल्या रविवारी परीक्षा. तिचा 'पहिला प्रयत्न' म्हणजे दोन महिन्यांचा अभ्यास होता. परीक्षा मराठीतूनही देता येते, तेरा भाषांत तिची सोय आहे. पण त्या भाषेत सराव करायला पुस्तकं आणि चाचण्या कुठून आणायच्या, याचं उत्तर सोय देणाऱ्याकडे नाही. या मुलीने ४२० मिळवले असतील, तर तिचं रिपीट हा दुसरा प्रयत्नच नव्हे. तिचा पहिला प्रयत्न अजून व्हायचाय.

आता दुसरा मुलगा. आठवीपासून फाउंडेशन, अकरावीपासून इंटिग्रेटेड बॅच, दोन वर्षांत पन्नासेक पूर्ण पेपरांची टेस्ट सिरीज. त्याचेही ४२०. शेवटच्या दहा चाचण्यांत तो चारशे ते साडेचारशेत घुटमळत होता, आणि परीक्षेतही तिथेच राहिला. याला रिपीटर बॅचमध्ये बसवून काय देणार? तेच मॉड्यूल, त्याच नोट्स, बहुधा तेच सर. जे दोन वर्षांत झालं नाही ते तिसऱ्यात होण्यासाठी काहीतरी निराळं घडावं लागेल, आणि बॅचच्या वेळापत्रकात निराळं काही लिहिलेलं नसतं.

दोघांचे गुण सारखे आहेत, निर्णय मात्र उलटे यायला हवेत. म्हणून उपाधी ही : राहिलेलं अंतर जर न मिळालेल्या वेळेमुळे, न मिळालेल्या शिकवण्यामुळे राहिलं असेल, तर वर्ष त्याला भरून काढू शकतं. अंतर दुसऱ्या कशामुळे असेल, तर वर्ष त्याच्या शेजारून निघून जातं. मेहनतीचा इथे काही संबंध नाही. लोखंडाच्या गोळ्यातला अग्नी कमी धगधगीत नसतो.

हे तपासायचं कसं? घरातल्या बैठकीत मुलाच्या डोळ्यांतली जिद्द पाहून नव्हे. चाचण्यांचे कागद घेऊन बसावं लागतं. चुकलेला प्रत्येक प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते पाहावं : प्रकरणच झालेलं नव्हतं, की झालेलं होतं पण वेळेत सुटलं नाही, की येत असूनही चूक झाली. पहिल्या जातीचे प्रश्न जास्त असतील तर रिपीटला अर्थ आहे. दुसऱ्या जातीचे सरावाने काही सुटतात. २०२५ पासून पुन्हा १८० मिनिटांत १८० प्रश्न आले आहेत, त्यामुळे वेगाची मेख आणखी घट्ट बसलीय. तिसऱ्या जातीचे प्रश्न पालकांना सर्वांत हलके वाटतात, 'अरे, हे तर येत होतं!', आणि माझ्या मते तेच सर्वांत चिवट असतात. बेसावधपणा हा अभ्यासक्रमातला धडा नाही की तो राहून गेला होता म्हणून आता करून घेऊ.

दुसरी कसोटी आहे चाचण्या आणि परीक्षा यांच्यातल्या फरकाची, आणि ती फारसं कुणी लावत नाही. चाचण्यांत सातत्याने साडेपाचशेच्या पुढे राहिलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणली आणि तिला ४८० मिळाले, तर तिच्या बाबतीत त्या एका दिवसाने अन्याय केला. दुसऱ्या दिवसाने तो फिटण्याची शक्यता चांगली आहे. याउलट ज्याची चाचण्यांची सरासरी ४२० होती आणि परीक्षेत ४८० पडले, त्याच्या घरात 'एवढ्या जवळ आला होता' म्हणून रिपीट ठरतं. संख्याशास्त्र उलट सांगतं. नशिबाचे साठ गुण त्याला मिळून चुकले आहेत, आणि पुढच्या खेपेला नशीब त्याच पत्त्यावर येईल असं धरता येत नाही. जवळ येणं हा नेहमी पुरावा नसतो. कधीकधी तो खर्च होऊन गेलेला योग असतो.

नियमांचं थोडक्यात. वर्षभर थांबणारा माणूस असं धरून चालतो की मैदान आहे तिथेच राहील. ते राहत नाही. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशांना ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं, सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. सप्टेंबर २०२० मध्ये, प्रवेशाच्या तोंडावर, ते रद्द झालं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मे २०२१ मध्ये ते रद्द ठरवलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नव्या कायद्याने दहा टक्के आणलं. २०२४ च्या पेपरसाठी अभ्यासक्रम बदलला, २०२५ च्या पेपरची मांडणी बदलली. २०२४ मध्येच जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली अशी दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं राज्यात एकदम सुरू झाली, आणि त्या वर्षीच्या मुलांना स्वतःच्या कर्तृत्वाशिवाय जागा वाढून मिळाल्या. यातलं काही तुमच्या बाजूने पडेल, काही विरुद्ध. रिपीटच्या निर्णयात या अनिश्चिततेला कुणी रकाना ठेवत नाही, एवढंच.

आता वर्षाचा हिशेब. तिसरा आधार म्हणतो की चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत एक वर्ष म्हणजे काय! या तुलनेत एक लबाडी आहे. ती वर्षाची तुलना यशस्वी झालेल्या आयुष्याशी करते, जणू जागा ठरलेलीच आहे आणि फक्त उशीर व्हायचाय. ज्या त्र्याण्णवांची जागा ठरलेली नाही त्यांच्यासाठी तुलना दुसरीच असते : या वर्षी मिळत असलेली बीएएमएस, फिजिओथेरपी, व्हेटर्नरी किंवा बी.फार्म.ची जागा, आणि पुढच्या वर्षी तीच जागा, एक वर्ष उशिरा, गॅप सर्टिफिकेट जोडून आणि क्लासची फी भरून झाल्यावर. 'वर्ष वाया जातं' म्हणणाऱ्या आजोबांचा खरा अंश तो हा.

आणि वर्ष सगळ्यांचं सारख्या किमतीचं नसतं. ज्याच्या वडिलांचं हॉस्पिटल आहे, त्याला वर्ष जवळजवळ फुकट आहे. तो दोनदाही रिपीट करू शकतो, आणि करतो. ज्याच्या घरी लातूरची मेस, खोलीभाडं आणि क्लासच्या हप्त्यासाठी सोसायटीचं कर्ज उचललं जातं, त्याचं वर्ष महाग आहे. कित्येक घरांत मुलाला तीन प्रयत्न मिळतात आणि मुलीला एक. 'तिला अजून एक वर्ष कशाला, बीएस्सी नर्सिंग मिळतंय ना' हे वाक्य ज्या तोंडून येतं त्याच तोंडून पुतण्यासाठी 'अजून एकदा दे' येतं. तुर्कस्तानातला निष्कर्ष इथे आठवावा. पुन्हा बसल्याचा फायदा ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनाच ते वर्ष परवडत नाही. आणि ज्यांना ते सहज परवडतं, त्यांचं बरंचसं शिकून झालेलं असतं. रिपीटर बॅचमध्ये कोण बसतं हे बौद्धिक गरजेपेक्षा घरच्या ऐपतीवर ठरतं. माझा त्या मताशी सर्वांत मोठा झगडा हा आहे : 'जिद्द असेल तर रिपीट करेल' म्हणताना ते ऐपतीला जिद्द म्हणून खपवतं.

दुसऱ्यांदा रिपीट करण्याबद्दल वेगळं लिहायची गरज पडू नये, पण पडते. तिथे कारण सहसा बदललेलं असतं. पहिल्यांदा कारण असतं 'होईल'. दुसऱ्यांदा कारण असतं 'दोन वर्षं दिली, आता सोडून कसं चालेल?' गेलेली वर्षं पुढच्या निर्णयाचं कारण होऊ शकत नाहीत, कारण निर्णय काहीही घेतला तरी ती गेलेलीच असतात. कोट्यात ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनंतर जिल्हा प्रशासनाला सगळ्या क्लासच्या चाचण्या दोन महिने थांबवाव्या लागल्या होत्या. त्या मुलांत सगळेच रिपीटर नव्हते, आणि प्रत्येकाची कारणंही एक नव्हती. पण एखाद्या गावाला चाचण्याच बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा 'एका वर्षाने काय बिघडतं' हा प्रश्न त्या गावात तरी विचारू नये. आणि घरातलं मूल झोपत नसेल, जेवत नसेल, बोलेनासं झालं असेल, तर वरच्या सगळ्या कसोट्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

राहिला चौथा आधार : नियमच परवानगी देतो. 'जेईई ॲडव्हान्स्ड' लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा तीन करण्यात आली आणि तेरा दिवसांत पुन्हा दोनवर आणली गेली. त्या तेरा दिवसांत काही मुलांनी कॉलेज सोडून दिलं, आणि त्यांच्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वाट काढून द्यावी लागली. तेरा दिवसांत कॉलेज सोडणारी मुलं हा या मताच्या ताकदीचा मला दिसलेला सर्वांत बोलका पुरावा आहे. कला कृष्णा आणि सेर्गेई लिचागिन यांनी फ्रिसांचोंबरोबरच २०१८ साली तुर्कस्तानवर दुसरा निबंध लिहिला. त्यात ते म्हणतात की पुन्हा बसण्यावर मर्यादा घातली तर एकेकट्याला ती जाचक वाटते, पण एकंदरीत सर्वांचं हित वाढतं. कारण पुन्हा बसणारे रांग लांबवतात आणि कटऑफ वर ढकलतात, आणि तो वर गेलेला कटऑफ गाठायला आणखी मुलं पुन्हा बसतात. आपल्याकडचं चित्र याहून निराळं नाही. दहातले सात रिपीटर दिसतात याचं एक कारण हेही आहे की रिपीट करणं हीच रीत झालीय.

मग 'नीट'लाही दोनची मर्यादा घालावी का? हा निबंध वाचून कुणी तसं म्हणेल, पण मी म्हणणार नाही. आज मर्यादा घातली तर तिचा पहिला फटका त्या तालुक्याच्या मुलीला बसेल, जिचा पहिला प्रयत्न दोन महिन्यांचा होता. आधी बोर्डाचा अभ्यासक्रम आणि 'नीट'ची पुस्तकं यांच्यातलं अंतर मिटवा, परीक्षा वर्षातून दोनदा घ्या, मग मर्यादेचं बोला. नियमाने दिलेली परवानगी ही शिफारस नसते, एवढं समजलं तरी चौथ्या आधाराचा निकाल लागतो.

एक व्यवहाराची गोष्ट उरली. या निर्णयाची घाई केली जाते ती चुकीच्या वेळी. २०२५ चा निकाल १४ जूनला लागला. राज्याच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतर कित्येक महिने चालल्या, आणि शेवटच्या फेऱ्यांत कटऑफ खाली येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. रिपीटर बॅच मात्र जूनमध्येच सुरू होते, 'जागा भरत आल्यात' असा फोन येतो, आणि मुलाचा नंबर कुठे लागणार हे कळायच्या आत रिपीट ठरून जातं. तेव्हा फी एकरकमी भरू नये. बॅचमध्ये गेल्या वर्षी एकूण किती मुलं बसली होती हे विचारावं. किती लागली हे तर ते आपणहून सांगतातच, आणि नोव्हेंबर २०२४ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनुसार फोटोतल्या मुलाने नेमका कोणता कोर्स केला होता हेही त्यांनी जाहिरातीत सांगायला हवं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत असंही म्हटलंय की मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या मुदतीची फी परत करावी. ऑक्टोबरात तिसऱ्या फेरीत नंबर लागला तर ती रक्कम मागायला जावं लागेल, म्हणून पावतीमागच्या अटी जूनमध्येच वाचून ठेवाव्यात.